खड्डा कुठे उभा आहे

आमच्या घरात सकाळ व्हायची ती आईच्या मानेला तेल चोळून. ती चिरेखाणीत डोक्यावरून चिरे वाहायची, वडील तळाशी टिकावाने ते काढायचे. वडील गेले तेव्हा मी सातवीत होते. मलाही खाणीवर न्यावं असं आईच्या मनात आलं. खाणीचे मुकादम गणूकाका म्हणाले, "वहिनी, पोरीला हितं आणलीत तर तुमचंपण काम बंद." आईला ते फार लागलं. माझी शाळा मात्र चालू राहिली.

पुढे खाण बंद पडली. काकांनी जुनी जीप घेतली आणि पर्यटक फिरवायला लागले. पण वाटेत कुठे जांभा दगड दिसला की गाडी थांबायची. काका उतरून पान्याने दगडावर ठोकायचे आणि मान तिरकी करून ऐकायचे. "ओला हाय अजून. वारा खाल्ल्याशिवाय चिरा नि माणूस कडक होत नाय." गाडीतली मंडळी घड्याळ बघत बसायची.

बीएस्सीच्या शेवटच्या वर्षी जुन्या खाणींवरचा माझा प्रकल्प सरांनी परत केला. "पुस्तकातून उतरवलाय. सोमवारपर्यंत स्वतः बघून लिही, नाहीतर वर्ष गेलं समज." तो शनिवार होता. काकांचं रविवारचं भाडं ठरलेलं. ते त्यांनी दुसऱ्याला दिलं आणि आईला म्हणाले, "डबा दोघांचा बांधा. माझ्यात सुकट घाला."

मालगुंड ते जयगड सगळा सडा, ते सपाट पठार, एप्रिलात उघडाबोडका. काळा कातळ, पिवळं गवत, कडेला खाली समुद्र आणि मध्येच चौकोनी खड्डे. सर्वांत खोल खड्ड्यापाशी मी ऐटीत म्हटलं, "ही खाण सगळ्यात जुनी."

"खोल म्हणून जुनी होय गो? मग विहीर तुझी पणजी झाली."

त्यांनी माझा हात भिंतीवर ठेवला. मशीनचा काप सरळ, गुळगुळीत. मग शेजारच्या उथळ खाणीत नेलं. तिथे टिकावाचे आखूड, तिरके घाव होते. हाताने माणूस किती खोल जाणार?

"नि नुसता खड्डा काय लिहितेस? तो कुठे उभा हाय ते लिही."

मग प्रत्येक खाणीवरून जीप खालच्या गावात. ही खाण म्हणजे शाळा, ती म्हणजे देवळाभोवतीचा दगडी गडगा. खाणीतली पिवळी शीर काका भिंतीतल्या चिऱ्यांशी जुळवून दाखवायचे.

शेवटची खाण आमची. तिथून आम्ही आरोग्य केंद्रावर आलो. "हे अख्खं वहिनींच्या डोक्यावरून आलंय," काका म्हणाले. ओसरीवर एक बाई तान्ह्याला घेऊन भिंतीला टेकली होती. माझे डोळे भरले.

"रडतेस काय? थर मोज."

मी भिंतीतले चिऱ्यांचे थर मोजले आणि लिहून घेतले.

सोमवारी सरांनी सगळं वाचलं. "कोणी शिकवलं?" मी सांगितलं, "आमच्या मुकादमांनी. चौथी शिकलेत." सरांनी पहिल्या पानावर मार्गदर्शक म्हणून काकांचं नाव घालायला लावलं.

प्रकल्प मंजूर झाला. जूनमध्ये निकाल लागला. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर.