कालव्यातला टायगर रॉयल

समोरच्या घरात मासे आले आणि आमच्या घरातली माणसं संध्याकाळची घरी दिसेनाशी झाली.

इंदिरानगर तेव्हा नुकतं वसत होतं. आमच्या ओळीत टीव्ही कुणाकडेच नव्हता. त्यामुळे समोरच्या कलावहिनींनी काचेची टाकी आणून तिच्यात मासे सोडले, ही केवढी तरी मोठी घटना ठरली. आमचे हे ओझरच्या कारखान्यातून बसने परतले की आपल्या दारात चपलासुद्धा काढत नसत (त्या समोरच्या दारात काढायच्या असत). सासूबाई तर चार वाजल्यापासूनच तिथे मुक्कामाला. मी ऑफिसात दिवसभर टाइपरायटर बडवून घरी यायचे, तर दाराला कडी.

"एवढं काय असतं हो बघण्यासारखं?" मी एकदा यांना विचारलं.

"मन शांत होतं गं. त्या एंजलची चाल बघ तू एकदा. पतंगासारखा तरंगतो."

अकरा वर्षांच्या संसारात माझ्या चालीबद्दल यांनी एक शब्द काढला नव्हता.

कलावहिनी स्वभावाने चांगल्या होत्या आणि हीच माझी मोठी अडचण होती. वाईट असत्या तर उघड भांडता तरी आलं असतं. त्या मला खुर्ची देत, चहा देत, म्हणत, "सुमनताई, दमून येता तुम्ही. बसा घटकाभर माशांसमोर." मी बसायचे आणि टाकीतली खोट शोधायचे. आठ दिवसांनी ती सापडली. टाकीतली झाडं प्लास्टिकची होती.

"आपणही टाकी करू या," मी घरी येऊन जाहीर केलं. "पण खऱ्या झाडांची."

हे फिटर. लोखंडी पट्ट्यांची चौकट त्यांनी दोन रविवारांत केली, भद्रकालीच्या बाजारातून काचा आणल्या, फटींत लांबी भरून त्या बसवल्या आणि म्हणाले, "आता यातून थेंब गळणार नाही." ते खोटं बोलले नाहीत. थेंब गळला नाही, धार लागली. दिवाणाखाली ठेवलेल्या माझ्या हिवाळी शाली आणि सासूबाईंच्या सांडग्यांचा डबा पोहायला लागला. सांडगे फुगून पुन्हा ओल्या डाळीवर आले.

पुन्हा लांबी, पुन्हा आठ दिवस वाळवणं. मग गोदावरीची वाळू. दुकानदाराने सांगितलं होतं, "बाई, वाळू धुऊन घ्या." मी तीन पाण्यांतून काढली. तांदूळ तीन पाण्यांत स्वच्छ होतात, वाळूला तीस लागतात हे मला कोण सांगणार? टाकी भरली तर आत दुधाचा चहा. तेवढ्यात कलावहिनी आल्या, बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "छान आहे. मासे आहेत का आत?"

"अजून नाहीत," मी म्हटलं. "आधी झाडं लावणार आहे. खरी."

झाडांसाठी हे स्कूटर घेऊन गंगापूरच्या कालव्यावर गेले आणि बादलीभर पाणवनस्पती घेऊन आले. काहींची पानं फितीसारखी लांब, काही मोरपिसांसारख्या. वाळूत एकेक रोवताना एक लावली की आधीची वर यायची. शेवटी मुळांना बारीक खडे बांधून मी ती बसवली. पाणी निवळलं, वर दिवा लावला आणि खरं सांगते, आत हिरवंगार रान उभं राहिलं. त्यात आठ गप्पी सोडले. हे त्या संध्याकाळी घरी थांबले. मला दिवाळी वाटली.

दुसऱ्या दिवशी त्या रानात नववा मासा दिसला.

बोटाच्या पेराएवढा, तपकिरी, अंगावर पट्टे, डोळे रुबाबदार. झाडांबरोबर कालव्यातून आला असणार. तो इतरांसारखा पळापळ करायचा नाही. पानाआड एका जागी स्थिर राहून सगळ्यांकडे बघायचा. मला वाटलं, काय शांत स्वभाव आहे.

"हा कुठला हो?" कलावहिनींनी काचेला नाक लावून विचारलं. त्यांचा आवाज जरा बदलला होता. तो मी लगेच ओळखला, कारण गेले काही महिने माझाच आवाज तसा होता.

"परदेशी जात आहे," मी म्हटलं. "मुंबईहून मागवला. टायगर रॉयल."

हे पेपर वाचत होते. त्यांनी पेपर वर घेतला आणि बराच वेळ खाली आणला नाही.

टायगर रॉयल वाढू लागला. नवल म्हणजे कोरडं खाणं टाकलं तर तो तोंड फिरवायचा, तरी अंगाने भरत चालला. (खानदानी असणार, थोडक्यात भागत असणार.) गप्पी मात्र कमी दिसू लागले. आधी सहा, मग चार.

"झाडी दाट आहे, लपलेत," मी म्हणायचे. एकही दिसेनासा झाला तेव्हाही मी यांना हेच सांगितलं आणि मनातून कलावहिनींच्या नजरेला बोल लावला.

सासूबाई या काळात सटाण्याला भाचीच्या लग्नासाठी गेल्या त्या तिथेच रमल्या होत्या. त्या असत्या तर पुढचं टळलं असतं.

दोन-अडीच महिन्यांत मासा माझ्या करंगळीहून लांब झाला आणि एक दिवस कलावहिनी चाचरत म्हणाल्या, "सुमनताई, रागावणार नसाल तर एक विचारू? माझी एंजलची जोडी घ्या आणि हा मला द्या."

ती जोडी! जिच्या चालीपायी आमचे हे घर विसरले होते. मी दोन मिनिटं जड मनाने टाकीकडे पाहिलं, एक सुस्कारा सोडला आणि म्हटलं, "तुम्ही म्हणून देते."

एंजल माझ्या रानात खरंच पतंगासारखे तरंगले. हे रोज घरी. मी सुखात.

पंधरा दिवसांनी सासूबाई परतल्या आणि पिशवी ठेवून सवयीने समोर गेल्या. एरवी त्या आमच्याशी शहरी बोलायच्या, पण फार आश्चर्य वाटलं की बागलाणातली बोली बाहेर पडायची. मी मागोमाग पोचले तेव्हा त्या टाकीसमोर उभ्या होत्या.

"आवं माय, हाई ते मरळ शे. बाकीना मासा हिनीच खाई टाकात."

कलावहिनींच्या टाकीत प्लास्टिकची झाडं, शिंपल्यातून निघणारे बुडबुडे आणि एकटा टायगर रॉयल उरला होता. त्यांचे मोली जातीचे चारही मासे गेले होते.

"पण काकू, हा परदेशी..." कलावहिनींनी माझ्याकडे पाहिलं.

"कसला परदेशी? कालव्याचा असेल. मोठा झाला की हातभर होतो. कालवण छान लागतं."

त्या खोलीत मग जी शांतता पसरली ती कुठल्याच माशाने मला दिली नव्हती.

कालवणाला कलावहिनींचा जीव होईना. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी रिक्षाने कालव्यावर गेलो. मांडीवर बादली, बादलीवर ताट, ताटावर माझे दोन्ही हात, कारण मरळ उडी मारते असं सासूबाईंनी बजावलं होतं. बादली पाण्यात तिरपी केली. टायगर रॉयल एका फटक्यात निघून गेला.

मी मान खाली घालून म्हटलं, "वहिनी, मुंबईचं मी खोटं सांगितलं. पण तो बाकीच्यांना खातो हे मला खरंच माहीत नव्हतं. माझेही आठ खाल्ले त्याने. तुमची जोडी संध्याकाळी आणून देते."

कलावहिनी बादली विसळत राहिल्या. मग म्हणाल्या, "राहू द्या जोडी. माझंच चुकलं. मला तो मासा आवडला नव्हताच."

"मग मागितला का?"

"तुमची ती खरी झाडं पाहिल्यापासून मला अन्न गोड लागत नव्हतं, सुमनताई. काहीतरी तुमच्याकडचं माझ्याकडे यावं, एवढंच वाटत होतं."

हे ऐकून मला वाईट वाटायला हवं होतं. दोन घरचे मिळून बारा मासे गेले होते, शेजारीण समोर डोळे पुसत होती. मला मात्र इतकं बरं वाटलं की मी परतीच्या रिक्षात गुणगुणत होते. दारात उतरल्यावर त्या म्हणाल्या, "त्या झाडांच्या एक-दोन काड्या द्याल का मला?"

"एक-दोन का? हव्या तेवढ्या घ्या," मी मोठ्या मनाने म्हटलं आणि आत जाऊन कोपरापर्यंत हात टाकीत घातला.

सासूबाई जवळ येऊन उभ्या राहिल्या. मी काढून ठेवलेल्या दोन काड्या त्यांनी उजेडात धरून पाहिल्या.

"याहून बारीक नव्हती का गं एखादी?"

मी पुन्हा हात घालून नीट पाहिलं. नव्हती.