बाईंच्या घरचा फॉर्म

आमच्या कुटुंबगणना कार्यालयात बाई म्हटलं की एकच. तीस वर्षं लोकांची घरं मोजली आणि आता आम्हा बारा जणींच्या डोक्यावर बसल्यात. माझे पहिले एकोणीस फॉर्म त्यांनी परत फेकले होते, कारण मी माणसं मोजली होती, चुली बघितल्याच नव्हत्या.

"अगं, दार एक म्हणून कुटुंब एक होत नाही," त्या कडाडल्या. "ज्यांचं एकत्र शिजतं ते एक कुटुंब. लोक लाजेपोटी खोटं सांगतात. तू आत जाऊन बघायचं."

मला तेव्हा त्यांचा अस्सा राग आला होता!

या खेपेला बाईंचीच गल्ली माझ्या वाट्याला आली. आठवडाभर त्या माझ्याशी जरा जास्तच गोड वागत होत्या. मी तेव्हाच काय ते ओळखायला हवं होतं.

दार त्यांच्या मुलाने उघडलं. दोन खोल्या, मागे अरुंद गॅलरी. सून कामावरून नुकतीच आलेली, चपलाही काढल्या नव्हत्या. नात अभ्यासाला बसलेली.

"घरात माणसं किती, दादा?"

"आम्ही तिघं. आईचं वेगळं आहे," तो सहज म्हणून गेला.

"वेगळं काय वेगळं?" बाई आतून तरातरा आल्या. "चार लिही गं. मी यांच्यातच जेवते."

"अहो आई..." सून म्हणाली आणि चपला काढायला वाकली.

मी गॅलरीत डोकावले. एका बर्नरची शेगडी, एक पातेलं, पालथी घातलेली एक ताटली. बाई लगबगीने दारात आडव्या आल्या. भांडण म्हणाल तर तसं काही नव्हतंच. सून उशिरा घरी पोचते, तिथून पुढे स्वयंपाक. बाईंना डायबेटिसच्या गोळ्यांपायी लवकर खावं लागतं. म्हणून दोन वर्षांपूर्वी तात्पुरती शेगडी आली, ती राहिलीच. मग डबे वेगळे झाले, मग किराणाही. कुणी कुणाला जा म्हटलं नाही, आणि ये म्हणायचंही राहून गेलं.

मला आत बघायला शिकवणारी बाई माझ्यापुढे स्वतःची चूल लपवत होती. मी निमूट चार लिहिलं आणि तिथून काढता पाय घेतला.

दुसऱ्या दिवशी फॉर्म सहीसाठी बाईंच्या टेबलावर गेले. बाहेर साहेब मोठ्याने पेपर वाचत होते. देशात कुटुंबं वाढली, घरटी माणसं कमी झाली, घरोघरी शेगड्या आल्या. "राहणीमान सुधारतंय बरं का!" म्हणत साहेबांनी चहा मागवला. त्यांच्या हातातला पेपर हिसकावून घ्यावासा वाटला मला.

बाईंनी हाक मारली. त्यांच्याच घरचा फॉर्म पुढ्यात सहीविना पडला होता.

"या घरात स्वयंपाक कुठे होतो, बघितलंस?"

"बघितलं."

"मग?"

"राहू दे ना बाई. एका आकड्याने देशाचं काय बिघडणार आहे?"

"देशाचं नाही गं बिघडत." त्या फॉर्मकडेच बघत होत्या. "मला वाटलं, तू चार लिहिलंस की तसं होईल. तू गेलीस, आणि मी आपली पुन्हा एकटीच जेवायला बसले."

त्यांनी चारवर आडवी रेघ मारली, खाली तीन लिहिलं आणि एक कोरा फॉर्म माझ्याकडे सरकवला. मग उठून माझ्यासमोरच्या खुर्चीत येऊन बसल्या, हात मांडीवर ठेवून, आम्ही दारात गेलो की घरोघरच्या बायका बसतात तशा.

"विचार."

"कुटुंबातली माणसं?"

"एक."

"कुटुंबप्रमुख कोण?"

"मीच असणार ना," बाई म्हणाल्या, आणि त्यांना हुंदका आवरेना.