नानांचं अर्धं पान

पुण्याचे साहेब नानांचा ब्राउझर बघायला धुळ्यात देवपूरला आले, त्या सकाळी नाना अंघोळीला गेलेले असताना मी त्यांच्या यंत्रात एक लबाडी करून ठेवली. तिच्यामुळे नानांच्या हातचं काम गेलं. हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर नानांविषयी लिहायला बसलो की त्यांचं बोलणं, त्यांच्या खोड्या आठवत जातात आणि वाचणाऱ्याला वाटतं, हा त्यांचा भला शिष्य असणार. लाडका होतो खरा. भला होतो असं मला म्हणवत नाही.

नानांच्या खिशात पुठ्ठ्याचा एक तुकडा असायचा. त्याच्या मधोमध ब्लेडने कापलेली चौकोनी खिडकी होती, तळहातावर मावणाऱ्या त्यांच्या यंत्राच्या पडद्याएवढी. ही खिडकी ते कशावरही ठेवून बघायचे. वर्तमानपत्रावर, लग्नपत्रिकेवर, औषधाच्या खोक्यावर. एकदा धुळ्याच्या स्टँडवर वेळापत्रकाच्या फलकावर पुठ्ठा धरून ते उभे होते, तेव्हा एका म्हाताऱ्या बाईंनी विचारलं, "काय देखी ऱ्हायनात, भाऊ?"

"मावशी, तुम्हले कोठे जानं शे?" नानांनी उलट विचारलं.

"नरडाण्याले."

नानांनी खिडकी सरकवत नरडाण्याच्या ओळीवर आणली. "मग बाकीनं बठ्ठं कशाले दखाडू तुम्हले?"

बाकीचं सगळं दाखवायचंच कशाला, हे ऐकून बाई हसल्या आणि गाडीकडे गेल्या. नाना माझ्याकडे वळून म्हणाले, "बघ, झाला आपला ब्राउझर. आता फक्त लिहायचा राहिलाय."

नाना धुळ्यातल्या एका तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवत. वय चाळिशीच्या आसपास, पण केस लवकर पिकले, म्हणून मुलांनी त्यांना नाना करून टाकलं. मग शेजारी, दूधवाला आणि शेवटी त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या काकूसुद्धा त्यांना नानाच म्हणू लागल्या. मी त्यांचा विद्यार्थी. पुढे जळगावला एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायला लागलो होतो. नव्वदचं दशक उतरणीला लागलं होतं. नानांच्या परदेशातल्या एका मित्राने त्यांना ते यंत्र आणून दिलं. खरं तर ती पत्ते आणि फोन नंबर ठेवायची डायरी होती. करडा पडदा आणि त्यावर टोचायला एक काडी. नानांना त्यात इंटरनेट उघडायचं होतं. त्यांनी रजा टाकली, मला निरोप धाडला, आणि मी क्लास सोडून त्यांच्या माडीवर राहायला आलो.

त्या यंत्राची मेमरी एवढीशी. मोठ्या कॉम्प्युटरसाठी केलेलं एखादं पान त्यात ओतलं की यंत्र जागच्या जागी थिजायचं. नानांनी त्यावर जो उपाय केला तो त्यांच्या स्वभावातच होता. ते खोलीतून उठले की दिवा बंद करत, चहा प्यायला की कप स्वतः विसळून पालथा घालत, पेपर वाचून झाला की शेजारी देऊन येत. प्रोग्राममध्येही तसंच. पानाचा एक तुकडा आत घ्यायचा, त्यातली अक्षरं पडद्यावर मांडायची आणि जागा लगेच मोकळी करायची. मी कुठे ती मोकळी करायला विसरलो की ते म्हणत, "किशोर, पाहुण्याच्या घरी आहेस. पसारा आवर." चित्रं, रंगीत पट्ट्या, चौकटी सगळं मागे ठेवायचं. आधी अक्षरं. चित्र हवं असेल त्याने मागून घ्यावं.

काकू जेवायला हाका मारून थकायच्या. "भरीत थंड झालं की गोळा होतो त्याचा. ह्यांना ताटातलं दिसत नाही, त्या काचेतलं बारीक अक्षर बरं दिसतं!" नाना मान वर न करता म्हणत, "आलो, आलो. आधी ताट वाढ, चटणी-लोणचं मागून घेईन." काकू म्हणायच्या, "मागून घ्यायला आधी माणूस यावा लागतो पाटावर."

पण नानांचं खरं काम वेगळंच होतं, आणि तेच मला तेव्हा कळलं नाही. त्या काळी धुळ्यातून इंटरनेटला जोडायचं तर फोनवरून लांबच्या शहराचा नंबर फिरवावा लागे. मोडेम चिरचिर आवाज करी, जोडणी लागे, आणि पान अर्ध्यावर येतंय तोच लाइन तुटे. अशा वेळी मोठ्या कॉम्प्युटरवरचे ब्राउझर हात झटकून मोकळे व्हायचे. आलेलंही घालवायचे आणि पडद्यावर नुसती चूक झाल्याची सूचना. नानांना याचा राग यायचा. "अरे, आलंय तेवढं तरी वाचू दे माणसाला!" म्हणून त्यांच्या ब्राउझरमध्ये लाइन तुटली की आलेलं अर्धं पान जागेवर राहायचं, वाचता यायचं, आणि लाइन परत लागली की पुढची ओळ तिथूनच सुरू व्हायची. हे जमवायला आम्हाला सगळ्यात जास्त दिवस लागले.

मला मात्र ते अर्धं पान डोळ्यांत खुपायचं. मी जळगावला क्लासमध्ये पुण्या-मुंबईची मासिकं चाळलेली. तिथल्या चित्रांत पडदे कसे भरलेले, झगझगीत असायचे. मी एकदा म्हणालोच, "नाना, अर्धं पान बघून पुण्याचे लोक हसतील आपल्याला."

"हसू दे की. अर्धं वाचूनच हसतील ना? म्हणजे वाचता आलं."

यावर मी हसलो नाही, हे त्यांच्या लक्षात आलं की नाही कोण जाणे.

पुण्याची एक कंपनी अशा हातातल्या यंत्रांसाठी ब्राउझरच्या शोधात होती. नानांचं त्यांच्या साहेबांशी फोनवर बोलणं झालं. काम पसंत पडलं तर पुढचं सगळं धुळ्यातच करायचं, नानांनी इथलीच मुलं हाताशी घ्यायची, असं ठरत होतं. नाना त्या दिवसांत फार खुशीत होते. आपल्या कॉलेजातली पोरं शिकतात आणि गाडीत बसून निघून जातात, ही त्यांची जुनी खंत. म्हणायचे, "एक तरी काम असं पाहिजे, की ज्यासाठी लोकांना गाडीतून धुळ्यात उतरावं लागेल." देवपुरातली दोन खोल्यांची एक जागासुद्धा त्यांनी बघून ठेवली होती. मला आणि काकूंना दाखवून आणली. टेबलं कुठे लावायची ते भिंतीजवळ उभं राहून सांगितलं.

साहेब यायच्या सकाळी नाना अंघोळीला गेले आणि मी यंत्र उघडलं. साहेबांना जे पान दाखवायचं ठरलं होतं, ते अख्खं मी आत साठवून ठेवलं. पत्ता लिहिला की ते आतूनच निघेल, अशी सोय केली. खरं वाटावं म्हणून ओळींच्या मध्ये थोडा थोडा थांबा घातला. लाइन तुटो, नाहीतर न लागो, पान पूर्ण येणार. नानांची मान खाली जाऊ नये म्हणून करतोय, असं मी मनाला सांगितलं.

साहेब साधे, बोलके निघाले. काकूंनी दिलेला चहा संपवून ते यंत्रापाशी बसले. नानांनी काडीने पत्ता लिहिला. मोडेमची चिरचिर झाली, जोडणी लागली आणि पडद्यावर ओळी येऊ लागल्या. साहेब म्हणाले, "नाना, फोनवर तुम्ही म्हणाला होता, लाइन गेली तरी आलेलं पान जात नाही. मला तेच बघायचंय. आमच्या ऑफिसात ते नीट बघता येत नाही हो, तिथे लाइन सहसा जातच नाही."

नाना मोठ्याने हसले. "आमच्याकडे त्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही."

"थांबा, मीच घालवतो," असं म्हणत साहेबांनी मोडेमची वायर ओढून काढली.

वायर त्यांच्या हातात होती आणि पडद्यावर ओळी येतच राहिल्या. एकामागून एक, संथपणे, मी घातलेले थांबे घेत. शेवटच्या ओळीपर्यंत.

नानांनी पडद्याकडे पाहिलं, मग वायरीकडे. माझ्याकडे पाहिलं नाही.

"हे पान आतच आहे," साहेब हळूच म्हणाले. "कोणी ठेवलं?"

"प्रोग्राम माझा आहे," नाना म्हणाले. "जे आहे ते माझंच." मग मला म्हणाले, "किशोर, ते काढ. खरं लाव."

मी काढलं. वायर परत लावली, नंबर फिरवला. लाइन लागेना. पुन्हा फिरवला. फोनमधून तोच टूं-टूं आवाज. एरवी वैताग आणणारी ती लाइन निदान अर्ध्यापर्यंत तरी यायची. त्या दिवशी ती एक ओळसुद्धा द्यायला तयार नव्हती. साहेबांना जळगावहून गाडी गाठायची होती. उठताना ते नानांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "असू द्या. कळवतो." त्यांनी कळवलं नाही. नानांनी विचारायला फोनही केला नाही. त्या दोन खोल्यांत पुढे एक शिंपी आला.

त्या संध्याकाळी नाना माडीवर आले. मी भिंतीकडे तोंड करून पडलो होतो. मला वाटलं, आता विचारतील. मी सांगायची तयारी केली. जेवलो का, एवढंच त्यांनी विचारलं, "जेवना का?" मन भरून आलं की त्यांच्या तोंडी घरची बोली येई. मी 'हो' म्हणालो. तेही खोटंच.

नाना पुन्हा कॉलेजात शिकवायला लागले. मी पुण्याला नोकरी धरली. मुलाखतीत मी काय सांगितलं? हातातल्या यंत्रासाठी ब्राउझर लिहिलाय. त्याच्या जोरावर नोकरी मिळाली. स्टँडवर सोडायला नाना आले होते. म्हणाले, "तिकडे लाइन चांगली असते म्हणतात. मजा कर." त्यात टोमणा नव्हता, हेच मला अजून सोसत नाही.

पुढे मोबाइल आले, प्रत्येकाच्या तळहातावर इंटरनेट आलं. नानांच्या ब्राउझरची गरज कुणाला उरली नाही. दर दिवाळीला मी फोन करायचो, तब्येतीची चौकशी करायचो आणि ठेवायचो.

नाना निवृत्त होऊन बोदवडला भावाशेजारी राहायला गेले, तेव्हा मात्र मी गेलो. प्रवासभर वाक्यं जुळवत होतो. काकूंनी दार उघडलं. नाना ओट्यावर बसले होते, थकलेले, पण डोळे तेच. मी पाया पडलो आणि जुळवलेलं सगळं म्हणून टाकलं. न विचारता पान आत ठेवलं, तुम्हाला खाली बघावं लागलं, मला क्षमा करा.

"आँ?" नाना म्हणाले.

"मोठ्याने बोल रे बाबा," काकू म्हणाल्या. "कानातलं यंत्र आणलंय, तर त्याचा आवाज बरोबर नाही म्हणून उघडून बसलेत. कधीचं नुसतं उघडलेलंच आहे."

मग मी ते सगळं ओरडून सांगितलं. शेजारच्या ओट्यावर पापड वाळवत असलेल्या बाई हात थांबवून बघू लागल्या.

"ते ठाऊक आहे मला," नाना म्हणाले. "माडीवर आपण दोघंच होतो. हिने तर ठेवलं नसेल." काकू हसल्या. नाना हसले नाहीत. "एवढंच कळलं नाही कधी. लाइन जाईल म्हणून तू घाबरलास. पण तो ब्राउझर लाइन जाण्यासाठीच लिहिला होता ना आपण? निम्मा तर तूच लिहिलास. तुला खरंच वाटलं, तो चालणार नाही?"

इतकी वर्षं त्यांनी हा एकच प्रश्न जवळ ठेवला होता. तुमच्यासाठीच घाबरलो, असं म्हणता आलं असतं. त्यांनी ते मानलंही असतं. मी त्यांच्या शेजारी बसलो, त्यांचा हात धरला आणि शेजारच्या बाईंनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "नाना, तो चालणार हे मला माहीत होतं. अर्धं पान दाखवायची मला लाज वाटली. तुमच्या कामाची लाज वाटली. मला माफ करा."