सांत रोकाला वाहिलेला पाय

भांडण ऐकायला मी गेले नव्हते, भांडणच कुडातून माझ्या घरात आलं. तेव्हा आमच्या आणि शेजारच्या घरामध्ये एकच कूड होता, त्याला कान लावायचीसुद्धा गरज नव्हती. माझं लग्न होऊन वर्ष झालं नव्हतं. पलीकडे सांतान आपल्या आईवर ओरडत होता.

"मेणाचे हातपाय करून कोणाचं भलं झालंय? मी चाललो बोटीवर नोकरीला. ते साचे घाल चुलीत!"

"आधी मला घाल चुलीत," म्हातारी म्हणाली. "तुझ्या आज्याच्या हातचे हायेत ते."

"माणूस बरा करतो तो डॉक्टर. तुझं मेण न्हाय."

"मग डॉक्टरकडं जाणारा आधी माझ्या दारात कशाला थांबतो रे?"

भांडं आपटल्याचा आवाज आला. मग तिसराच एक आवाज आला, बारीक, पण तापलेला. "साचे मला द्या, नि दोघं गप ऱ्हावा. मेण उतू चाललंय!"

ती कार्मेलीन. सांतानची नवी बायको, लग्नाला चार महिने झालेले. सांतान बोटीवर गेला, म्हातारी देवाघरी गेली, सांतान नोकरी संपवून परत आला आणि तोही गेला. साचे कार्मेलीनकडे राहिले. कुडाच्या जागी आता विटांची भिंत आहे, त्यामुळे भांडणं ऐकायला उठून दारात जावं लागतं.

आमचं गाव रेवदंड्यासमोर, खाडीच्या अलीकडे. गावाच्या टोकाला सांत रोकाचं छोटं देऊळ आहे. सांत रोक म्हणजे अंगरखा वर करून मांडीवरची जखम दाखवणारा संत. पायाशी कुत्रा, कुत्र्याच्या तोंडात पाव. स्वतः जखमेनं पिडला म्हणून लोकांच्या जखमा त्याला कळतात, असं मानतात. त्याचा सण सोळा ऑगस्टला. आधी नऊ दिवस संध्याकाळी प्रार्थना. ज्याचा पाय दुखतो तो मेणाचा पाय वाहतो, हात दुखतो तो हात. मूल हवं असेल तर मेणाचं बाळ, घर हवं असेल तर घर. एकाने मेणाची मोटारसायकल मागितली होती, त्याला कार्मेलीनने दारातूनच परत पाठवला. मी काही ख्रिस्ती नाही, पण नऊ दिवसांतली एक मेणबत्ती माझी असतेच. कोळी येतात, आगरी येतात, मोहल्ल्यातल्या बायकाही येऊन जातात.

वाहण्याच्या दोन रिती. एक, वस्तू आजाऱ्याच्या घरच्याच हाताने ठेवायची, दुसऱ्याने हात लावायचा नाही. दुसरी, जो अवयव वाहिला त्याला सण होईस्तोवर सुरी लावू द्यायची नाही. ही दुसरी रीत फादरना मान्य नाही. ते दर वर्षी सांगतात, आणि लोक दर वर्षी मान डोलावतात.

गेल्या वर्षी उजव्या पायाचा साचा पावसाळ्याआधी फुटला. वाळवीने पोखरलेला, हातात घेतला आणि दोन तुकडे झाले. कार्मेलीन विपुल सुताराकडे गेली. विपुल मुलगा चांगला, पण त्याचं आयुष्य प्लायवूडच्या कपाटांत गेलेलं. त्याने तिला सागाच्या फळीवर उजवा पाय ठेवायला सांगितला, भोवती पेन्सिल फिरवली आणि तेवढा भाग कोरून काढला. अंगठा, बोटं, नखंसुद्धा झकास कोरली. कार्मेलीन आनंदाने परत आली. "वयनी, माझाच पाय हाय बघ. पेन्सिलीने इतक्या गुदगुल्या झाल्या!"

पहिला पाय तिने ओतला, थंड झाला तसा बाहेर काढला आणि पालथाच कागदावर ठेवला. हे साचे एका बाजूचे असतात, मागची बाजू सपाट. पालथा ठेवला की आकार साच्यात दिसतो तसाच दिसतो. तिने तो गुंडाळला, वर 'उजवा' अशी चिठ्ठी लावली आणि पुतळाबाईला दिला.

पुतळाबाई म्हणजे काळूरामची बायको. वाडीत सुकी मासळी तिच्याएवढी स्वच्छ कोणी वाळवत नाही आणि तिच्याएवढं कोणी बोलतही नाही. जुलैमध्ये काळूरामच्या उजव्या पायात शिंगाळा माशाचा काटा घुसला होता. त्याला साखर आहे, पायाला फारसं काही कळत नाही. काटा कळला तेव्हा पाय सुजलेला होता. पुतळाबाईने प्रार्थनेच्या पहिल्याच दिवशी नवऱ्याचा पाय सांत रोकासमोर ठेवला, त्याला लाल दोरा बांधला आणि उपास धरला.

तिसऱ्या दिवशी मी कार्मेलीनकडे वाती वळत बसले होते. ती पाय ओतून ओळीने मांडत होती, या वेळी उताणे. माझी चप्पल शेजारीच होती. मी सहज बघितलं आणि पुन्हा बघितलं.

"कार्मेलीन, ह्या ताटात डावे हायेत का?"

"न्हाय. डाव्याचा साचा अजून काढलाच न्हाय."

मी माझी उजवी चप्पल त्या पायाशेजारी ठेवली. चपलेचा अंगठा एकीकडे, मेणाचा दुसरीकडे. कार्मेलीन बघतच राहिली. मग तिने पाय उचलून पालथा केला, उताणा केला, परत पालथा केला. शिक्का कसा उलटा कोरावा लागतो, तसा साचाही उलटाच कोरावा लागतो. विपुलने सरळ कोरला होता. सगळे पाय डावे निघाले होते.

"बाकीचे वितळव," मी म्हटलं. "कोणाला दिले न्हाईस ना?"

कार्मेलीन नखांतलं मेण काढायला लागली. काळजी वाटली की ती हेच करते, नखं लाल होईपर्यंत.

"एकच दिला," ती म्हणाली. "काळूरामभाऊंचा."

मी म्हटलं, अगं, देवाला कळतं. ती म्हणाली, "देवाला कळतं तर मग वाहायचं कशाला?" म्हातारपणी माणसाकडे सल्ले भरपूर असतात, उत्तरं कमीच.

त्या संध्याकाळी तिने सुरीने कोरून एक उजवा पाय केला. प्रत्येक बोट मोजून. प्रार्थनेला जाताना तो पदराखाली घेतला. मी तिच्या मागे होते. प्रार्थना संपली, लोक पांगले, ती देवासमोर उभी राहिली. लाल दोऱ्याचा पाय मध्येच होता, सगळ्यांत मोठा. तिचा हात पुढे गेला आणि थांबला. घरच्याच हाताने ठेवायचं. बदलायचं तर पुतळाबाईला सांगायला हवं. ती तशीच बाहेर आली, पाय पदराखालीच.

"उद्या काळूरामभाऊंना बघून येते," ती म्हणाली. "बरे असतील तर सांगायला कशाला पाहिजे?"

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघी गेलो. ओटीवरच वास आला. सुक्या मासळीचा नव्हे. तो वास आम्हांला कळतच नाही. हा वेगळा होता, गोडसर, घशात बसणारा. काळूराम खाटेवर होता, पाय उशीवर. पट्टी मळलेली.

"ये बाय, ये," तो म्हणाला. "बघ तुझा सांत रोक. एकदम गार करून टाकलंय. दुखतच न्हाय."

पुतळाबाईने पट्टी जरा उचलून दाखवली, अभिमानाने. शेवटची दोन बोटं काळी पडली होती. कोळशासारखी.

कार्मेलीनने दाराची चौकट धरली. "डॉक्टर काय म्हणाला?"

"अलिबागचा?" पुतळाबाई म्हणाली. "तो काय, लगेच दाखल व्हा, बोटं काढायला लागतील, उशीर करू नका. त्यांना कापायची हौसच असते. मी म्हटलं, सणानंतर येतो. पाय वाहिलाय, मध्ये सुरी घालायची न्हाय."

"पुतळाबाय, सणाला अजून सहा दिवस हायेत."

"मग? सहा दिवसांत सांत रोक झोपणार हाय का?"

"फादर म्हणतात तसं काय न्हाय—"

"फादरला साखर न्हाय!"

"अगं पण रंग बघ त्या बोटांचा!"

"तू मेण बघ," पुतळाबाई म्हणाली. "बोटांचं मी बघते."

कार्मेलीनने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं ती आता म्हणेल, चल वयनी, जाऊ या. तिच्या जागी मी तेच म्हटलं असतं. तीन पिढ्यांचा धंदा कार्मेलीनच्या घराचा, आणि पुतळाबाईच्या कानावर गेलेली गोष्ट रेवदंड्याच्या बाजारात जायला एक दुपार लागते. कार्मेलीनने नखांतलं मेण काढायला हात वर घेतला आणि तसाच खाली सोडला.

"पाय डावा हाय," ती म्हणाली.

"कोणाचा?"

"तू वाहिलास तो. साचा चुकला. मी चिठ्ठी उजव्याची लावली, पाय डावा दिला. पालथा होता म्हणून मला कळलं न्हाय. तुझा नवस उजव्या पायाला लागलेलाच न्हाय."

पुतळाबाईचं तोंड उघडं होतं आणि त्यातून काही येत नव्हतं. बोलला तो काळूराम.

"तरीच म्हटलं," तो म्हणाला, "डावा गुडघा कुरकुरायचा कसा थांबला!"

तो हसला, आम्ही कोणी हसलो नाही. मग पुतळाबाईला वाचा फुटली. "चार दिवस! चार दिवस मी चहासुद्धा घेतला न्हाय, तो कुठल्या पायासाठी? चांगल्या? अगं, सासूने तुला हेच शिकवलं का? माझ्या नवऱ्याचा पाय काय तुला चप्पल वाटली, कुठलाही चालंल? सोडणार न्हाय तुला मी! सगळ्या गावाला सांगेन!"

"सांग," कार्मेलीन म्हणाली. "सगळ्यांना सांग. पण आधी रिक्षा बोलाव. नवस लागलाच न्हाय तर सुरीला अडवतंय कोण?"

पुतळाबाईने तिच्याकडे बघितलं, मग त्या बोटांकडे. पहिल्यांदाच नीट बघितलं असावं, कारण ती खाटेच्या कडेला बसली. काळूराम हळूच म्हणाला, "उठ गं. मलाबी वास येतो." तेव्हा कळलं, चार दिवस 'गार पडलं' ते तो नुसतं तोंडाने म्हणत होता, पायाचं खरं त्यालाही ठाऊक होतं.

रिक्षा आली. कार्मेलीनने त्याचा पाय उचलून आत ठेवला, कुठल्याशा काचेच्या वस्तूसारखा. पुतळाबाईने तिला बाजूला सारलं.

पुढच्या दिवसांत तिने जे म्हटलं होतं ते केलं. अलिबागला बसून केलं, मोबाइलवरून. गावात कोणी कार्मेलीनकडून हात घेतला तरी उन्हात धरून बोटं मोजायला लागलं. एकीने मेणाचं बाळ परत आणलं, त्याचं नाक सासरच्यांसारखं नाही म्हणून. विपुलचा साचा कार्मेलीनने फोडून बंबात घातला. माझ्याकडे मात्र दर दोन तासांनी यायची. "वयनी, फोन आला का?"

रिक्षा गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन आला. दोन बोटं काढली, पाऊल राहिलं. डॉक्टर आणखी काय म्हणाला ते पुतळाबाईने सांगितलं नाही, काळूरामने मागून ओरडून सांगितलं, अजून दोन दिवस गेले असते तर गुडघ्यापर्यंत गेलं असतं. मी धावत जाऊन कार्मेलीनला सांगितलं. मला वाटलं तिला सुटल्यासारखं होईल.

"दोन बोटं," ती म्हणाली. "उजवा दिला असता तर तीपण ऱ्हायली असती का?"

"उजवा दिला असतास तर ते सणापर्यंत घरीच बसले असते."

"ते खरं," ती म्हणाली, आणि पुन्हा नखांतलं मेण काढायला लागली. अजून काढते. ती रुखरुख तिच्यातून गेलेली नाही आणि मी काढायचा प्रयत्न सोडून दिलाय.

सणाच्या दिवशी देवळात मिस्साची प्रार्थना झाली, बँड वाजला, पावसाने दोन वेळा पळवलं. संध्याकाळी क्रूसापाशी लितानी, म्हणजे संतांची नावं घेत म्हणायची प्रार्थना, झाली. तिथे उकडलेले चणे वाटतात, खोबरं घालून. सणाचं शेवटचं काम कार्मेलीनचंच, येऊ न शकलेल्यांचे चणे घरोघरी पोचवायचे. दर वर्षी मी तिच्याबरोबर छत्री धरायला जाते.

पुतळाबाई कपडे न्यायला दुपारच्या एस.टी.ने आली होती. काळूराम अजून दवाखान्यातच होता. तिच्या घरात दिवा दिसला तशी कार्मेलीनची पावलं हळू झाली. मी म्हटलं, मी देऊन येते. ती नको म्हणाली.

पुतळाबाई दारात आली. हातात काळूरामचा धुतलेला सदरा. पागोळ्या माझ्या पाठीवर पडत होत्या.

"चणे हायेत," कार्मेलीन म्हणाली.

"दिसतंय."

"भाऊंना चालतील का, साखरेला?"

"चणे चालतात. डॉक्टरने यादी दिलीय." तिने आत जाऊन डबा आणला, झाकण काढून पुढे केला. कार्मेलीनने एक डाव घातला. पुतळाबाईने डबा तसाच धरून ठेवला.

"तो न्हाय का खायला बसलेला? अजून घाल."

कार्मेलीनने आणखी एक डाव घातला. "माफ केलं असं समजू नकोस," पुतळाबाई म्हणाली, आणि झाकण घट्ट लावून आत गेली.

आम्ही पायवाटेला लागलो. अजून तीन घरं होती. पहिलं माडीवरचं. कार्मेलीनचे गुडघे दुखतात म्हणून ती तिथे दर वर्षी खालूनच हाक मारते, आणि वरून दोरीला बांधलेली पिशवी खाली येते. तिने हाक मारली. पिशवी आली. तिने चणे घातले, गाठ मारली आणि वर घ्या म्हणून दोरी दोनदा ओढली.