जुबा ट्रास्कचं पाचवं कलम

जुबा ट्रास्क चिडला की आवाज चढवत नसे. हातातलं काम खाली ठेवायचा, तुमच्या समोर येऊन उभा राहायचा आणि तुम्ही जे बोललात ते तुम्हालाच पुन्हा बोलायला लावायचा. बॉस्टनकडच्या आमच्या ब्रॅम्ली गावात निदान निम्म्या माणसांना त्याने असे स्वतःचे शब्द परत गिळायला लावले होते. मीही त्यातलाच. मी सायलस वाडली, एकवीस वर्षं या गावचा कारकून. गावसभेत कोण काय बोललं, काय ठरलं, ते वहीत उतरवणं हे माझं काम होतं. जुबाबद्दल त्या वहीत चार ओळीही नाहीत. याचा संताप मला आजही येतो, आणि त्यातला निम्मा माझा मलाच येतो.

जुबा जन्मला आमच्याच गावात, कातडी कमावणाऱ्या जोथम स्टिकनीच्या घरी, गुलाम म्हणून. त्याच्या आईला बार्बाडोसहून जहाजात घालून आणलेलं. तो आणि मी एकाच वर्षाचे. एकाच ओढ्यात पोहायला शिकलो. पुढे मी शाळेत गेलो आणि तो चुन्याच्या खड्ड्यात कातडी ढवळायला लागला. म्हातारा स्टिकनी मेला तेव्हा मृत्युपत्रात त्याने जुबाला आणि त्याच्या धाकट्या भावाला, कफीला, मोकळं केलं. सगळं गाव म्हणालं, केवढं मोठं मन! जुबा म्हणाला, "अठ्ठावीस वर्षं वापरून परत केलं. ज्याचं होतं त्यालाच. त्यात मन कसलं मोठं?"

मग त्याने दगडी भिंती रचायचं काम धरलं. आमच्याकडे दर वसंतात बर्फ वितळला की शेतातून दगड वर येतात, जणू कुणी खालून ढकलतंय. ते वेचून, बैलांच्या घसरगाडीवरून ओढून आणून, चुना-माती न वापरता बांधावर रचायचे. जुबाने रचलेली भिंत गाईने अंग घासलं तरी हलायची नाही. गावातली बरीच शेतं त्याच्याच भिंतींनी एकमेकांपासून वेगळी झाली होती. चॅरिटीशी लग्न झालं, अर्धा एकर जागा आणि एक खोपट झालं. गावसभेला तो नेमाने यायचा आणि मागच्या बाकावर बसायचा. त्याला मत नव्हतं. का नव्हतं, हे कुणी कधी विचारलं नव्हतं.

सतराशे चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात आमच्यावर राज्य करणाऱ्या इंग्लंडच्या पार्लमेंटचा नवा कायदा आला. गावसभा वर्षातून एकदाच भरवायची. पुन्हा भरवायची तर गव्हर्नरची परवानगी काढायची, आणि बोलायचं काय तेही त्यालाच आधी विचारायचं. न्यायाधीश राजाच्या मर्जीचे, खटल्यातले पंचही राजाच्याच अधिकाऱ्यांनी निवडलेले. गाव नुसतं पेटलं. रस्ता कुठून काढायचा, डुकरं मोकळी सोडायची की बांधायची, शाळेला मास्तर कोण, हे आमच्या पणजोबांपासून आम्ही एका छपराखाली भांडून ठरवत आलो होतो. आता त्यासाठी समुद्रापलीकडे तोंड करून उभं राहायचं?

सप्टेंबरात जिल्ह्याचं कोर्ट बसायचं होतं. ते बसू द्यायचं नाही असं आजूबाजूच्या सगळ्या गावांनी ठरवलं. आम्ही पहाटे निघून अठरा मैल चालत गेलो. कोर्टापुढच्या रस्त्यावर गावागावाने दोन रांगा केल्या. न्यायाधीशांना मधून चालवलं, टोपी हातात घेऊन. राजीनाम्याचा कागद त्यांनी दर गावापुढे थांबून वाचायचा. माझ्या शेजारी जुबा उभा होता. एक न्यायाधीश आमच्यापुढे आले, जुबाकडे बघितलं आणि कागदात तोंड खुपसून काहीतरी पुटपुटत पुढे सरकू लागले.

"थांबा साहेब," जुबा म्हणाला. "मला ऐकू आलं नाही. पुन्हा वाचा."

न्यायाधीशांचा चेहरा बीटासारखा झाला. रांगेतले सगळे ओरडले, "वाचा! वाचा!" त्यांनी वाचलं. अक्षर न अक्षर. त्या संध्याकाळी परतताना आम्ही जुबाला खांद्यावर घ्यायचंच बाकी ठेवलं होतं. सफरचंदाच्या दारूचा बुधला आधी त्याच्या हातात गेला. चर्चचे डीकन अमारिया फिच त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "आज तू आमच्या सगळ्यांच्या वतीने बोललास, जुबा!"

पुढच्या वसंतात राजाविरुद्ध लढाई सुरू झाली. दोघे भाऊ लढायला गेले. कफी कॅनडाच्या मोहिमेत देवीच्या साथीत मेला. कुठे पुरला, तेही आम्हाला कळलं नाही. जुबा आठ महिने लढून परत आला, पुन्हा गेला. सत्याहत्तरच्या शरदात हडसन नदीच्या काठी त्याच्या डाव्या खांद्यात गोळी शिरली. हिवाळ्यात घरी आला तेव्हा हात खांद्याच्या वर जात नव्हता. मोठे दगड आता त्याला उचलवत नव्हते. तरी तो भिंती रचायचा, एका हाताने आणि शिव्या देत.

अठ्ठ्याहत्तरच्या एप्रिलात बॉस्टनहून राज्यघटनेचा मसुदा आला. राजाची सत्ता गेली, आता आपलं सरकार कसं असावं ते गावोगावच्या सभांनी वाचून सांगायचं. केवढा अभिमान वाटला होता मला! जगात कुठल्या प्रजेला असं कुणी विचारलं होतं? गावसभा भरायची ते प्रार्थनाघर गच्च भरलं. मी उभा राहून एकेक कलम वाचू लागलो. पाचवं कलम आलं. मी ते घरी वाचलेलं होतं. त्यात काय आहे ते मला माहीत होतं. एकवीस वर्षांवरच्या प्रत्येक स्वतंत्र पुरुषाला प्रतिनिधी निवडायला मत, आणि मग मधेच सात शब्द. ते सात शब्द मी घाईने, खालच्या आवाजात उरकले आणि पुढे गेलो.

मागून बाक सरकल्याचा आवाज आला.

"सायलस. मला ऐकू आलं नाही. पुन्हा वाच."

 तो न्यायाधीश मला आठवला, आणि जुबालाही तोच आठवला असणार.

"कुठलं?" मी विचारलं.

"तुला माहितीये कुठलं."

मी वाचलं. 'हबशी, रेड इंडियन आणि मिश्र रक्ताचे वगळून.' 

जुबा मधल्या वाटेने पुढे आला. सभापतींनी हातोडा आपटला. "जुबा, इथे मतदारांनीच बोलायचंय. तू खाली बस बघू."

"हो ना? बोलायला मत लागतं. खांद्यात गोळी घ्यायला नव्हतं लागलं. तेव्हा तुमच्यापैकी कुणी म्हणालं नाही, की जुबा, इथे मतदारांनीच मरायचंय."

डीकन फिच उठले. मऊ आवाजात म्हणाले, "बाबा रे, आम्हाला का कळत नाही? पण दक्षिणेकडची गुलाम राखणारी राज्यं बिथरतील. ती फुटली तर लढाई हरू. आधी घर विझवू दे, मग खोल्या वाटून घेऊ."

"डीकन, घर विझवायला पाणी मीच आणतोय," जुबा म्हणाला. "आणि तुम्ही आत्ताच दाराला कडी लावताय. राजाने आम्हाला न विचारता कायदा केला म्हणून चार वर्षं तुम्ही घसा फोडताय. मला न विचारता हा केला तो कोणी? कुठला राजा होता तो? नाव सांगा, त्याच्याशीही लढून येतो."

कुणीतरी ओरडलं, "काढा त्याला बाहेर!" सभापतींनी कॉन्स्टेबलकडे बघितलं. कॉन्स्टेबल इरा बास्कम हडसनच्या काठी जुबाच्याच पलटणीत होता. तो बाकाला हात धरून बसून राहिला. उठलाच नाही.

मत झालं. मसुदा गावाने फेकून दिला, जवळजवळ एकमताने. लोकांच्या हक्कांची सनद त्यात नव्हती, गव्हर्नरचे अधिकार धड नव्हते, हे सगळ्यांना खुपलं होतं. मग नकाराची कारणं बॉस्टनला लिहून पाठवायची होती. एकेक कारण सभेपुढे आलं. अखेर इराने उठून मांडलं, "पाचव्या कलमातले ते शब्द अन्यायाचे आहेत, हेही लिहावं."

हात वर करायचे होते. एकोणतीस वर गेले. विरोधात अडतीस. मी मोजले, वहीत लिहिले. माझा हात मोजायचा राहिला, कारण तो वर गेलाच नव्हता, ना त्या बाजूने, ना या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मक्याची लापशी खात होतो. जुबा दार न ठोकता आत आला.

"किती कारणं लिहिलीस?"

"अकरा."

"माझं?"

"सभेने नाकारलं, जुबा. मला जे ठरलं तेच लिहावं लागतं."

"ते मी बघितलं. मी तुझा हात विचारतोय. तुझा हात कुठे होता?"

"माझ्या हातात लेखणी होती."

"दोन हात आहेत तुला," तो म्हणाला. "मला एकच आहे. दुसरा मी ज्यांच्यासाठी घालवला ते बसलेत लापशी खात."

मी काहीतरी बोलायला गेलो. कारकुनाने तटस्थ राहायचं असतं, असलं काहीतरी. बोलता बोलताच मला माझी किळस आली. मी वाटी सारली, कागद ओढला आणि म्हटलं, "सांग. तुझं पत्र वेगळं लिहू. तुझ्या नावाने."

त्याने सांगितलं, मी लिहिलं. त्यात विनंती नव्हती. एका ठिकाणी मी 'नम्रपणे' असा शब्द घातला. त्याने मला वाचून दाखवायला लावलं आणि तो शब्द खोडायला लावला. खाली त्याने स्वतःचं नाव स्वतः काढलं, मोठ्या वाकड्या अक्षरांत. गावाच्या पत्राबरोबर मी ते बॉस्टनला धाडलं. उत्तर आलं नाही.

तेव्हा जुबा गावाच्या कोंडवाड्याची भिंत रचत होता. ती त्याने कमरेपर्यंत आणून सोडून दिली. भटकी गुरं लोकांच्या मक्यात शिरू लागली. पुढारी मंडळी त्याच्या दारात गेली. चॅरिटीच बाहेर आली. "ते येणार नाहीत," ती म्हणाली. "गावसभेचं काम गावसभेच्या माणसांनी करावं." मग मी, इरा आणि आणखी दोघांनी ती भिंत पुरी केली. दोनदा ढासळली. मला रस्त्यात भेटून चॅरिटी म्हणाली, "भाऊजी, हात दिसतायत तुमचे आता. फोड आलेत." हसली नाही.

ऐंशीच्या मे महिन्यात दुसरी राज्यघटना आली. यावेळी तिच्यावर प्रत्येक स्वतंत्र पुरुषाने मत द्यायचं होतं. जुबा पुढच्या बाकावर बसला. मी प्रत्येक शब्द खणखणीत वाचला. पहिलंच कलम होतं, सगळी माणसं जन्मतः स्वतंत्र आणि समान आहेत. रंगाचा शब्द कुठेच नव्हता. बॉस्टनला तशी पत्रं आणखी गावांतून गेली असतील. जुबाच्या पत्राने काही झालं की नाही, मला माहीत नाही.

मी जुबाकडे बघितलं. मला वाटलं होतं तो हसेल. तो पुढच्या कलमाची वाट बघत होता. आणि ते आलं. इथून पुढे मत त्यालाच, ज्याची मालमत्ता साठ पौंडांची आहे. जुबाच्या खोपटाला आणि अर्ध्या एकराला कुणी वीसही दिले नसते.

"म्हणजे आज मी मत द्यायचं," तो उठून म्हणाला, "की उद्यापासून मला मत नसावं."

डीकन म्हणाले, "अरे, हे तर गोऱ्या गरिबालाही लागू आहे. यात तुझा अपमान कुठे आला?"

"मग त्यालाही राग यायला हवा," जुबा म्हणाला, आणि वळून मागच्या बाकांकडे बघितलं. शेतमजूर होते, एक पाय गेलेला शिपाई होता. त्यांच्यातले काही मान खाली घालून बसले. काही बसले नाहीत. त्या कलमाविरुद्ध बावीस हात वर गेले. पहिला जुबाचा होता, उजवा. मीही लेखणी खाली ठेवली आणि हात वर केला. आम्ही हरलो. बाकीची घटना गावाने मान्य केली.

पुढची सहा वर्षं जुबा आणि चॅरिटी कुणी घेत नसलेली दलदलीची जमीन थोडी थोडी घेत गेले, चर खणून कोरडी करत गेले. शहाऐंशीच्या एप्रिलात त्यांची मालमत्ता साठ पौंडांवर गेली आणि तो मत द्यायला आला. मोजणी करणारे दोघे त्याची जमीन दोनदा बघून आले होते. इतर कुणाची दोनदा बघितली नव्हती. त्याने गव्हर्नरच्या नावाची चिठ्ठी टाकली, कुणाची ते सांगितलं नाही, आणि नांगरणी राहिलीये म्हणून निघून गेला. त्यानंतर चार वेळा त्याने मत दिलं.

नव्वदच्या नोव्हेंबरात तो तापाने गेला. गावच्या दफनभूमीत काळ्या माणसांना उत्तरेच्या कोपऱ्यात पुरतात, कुंपणाला लागून. चॅरिटी म्हणाली, तो सैनिकांच्या ओळीतच जाईल. प्रश्न गावसभेपुढे आला. त्या दिवशी मी कारकुनाच्या टेबलावरून उठलो आणि एकवीस वर्षांत पहिल्यांदा सभेत स्वतःच्या मनातलं बोललो. नीट बोलता आलं नाही, रागाने शब्द अडकत होते. अकरा मतांनी आम्ही हरलो. इराने आणि मी कोपऱ्यातली जमीन फोडली. चॅरिटी शेजारी उभी राहून सभेतल्या एकेकाचं नाव घेत होती, विरोधात हात वर केलेल्या प्रत्येकाचं, सावकाश, एकही न चुकता.

संध्याकाळी मी वही उघडली. ठराव लिहिला, मतं लिहिली. आणि खाली लिहिलं की कारकून सायलस वाडली याच्या मते हा निर्णय लाजिरवाणा आहे. असं लिहायची पद्धत नाही. पुढच्या सभेत माझं कारकूनपद गेलं.