शर्यतीच्या तोंडावर चार्जरचं अपडेट

सिरसाळ्याच्या बाजारात मी तीस वर्षं ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या चार्ज केल्या. शाळा दुसरीतच सुटली, पण बॅटरी कुठं दुखते ते मला बरोबर कळायचं. म्हणून इंजिनेरिंगला असलेली माझी नात शर्यतीची, रिमोटवर पळणारी हातभर लांब मोटार घेऊन घरी आली, तेव्हा तिच्या बॅटऱ्या भरायचं काम मी कुणाला विचारून घेतलं नाही. नुसतं घेतलं. चार्जर विटेएवढा, त्याला बारका पडदा आणि पंखा.

रविवारी आष्टीला शर्यत होती. पहिल्या दोनांत आली तर तिला पुण्याला जायला मिळणार होतं. गुरुवारी ती म्हणाली, "आबा, चार्जरचं अपडेट आलंय. जुन्या प्रोग्रामात खोट हाय, दोन सेलांतला एक कमी भरतो. टाकू का?"

"आजिबात न्हाई."

"कावून?"

"शर्यतीच्या तोंडावर बैलाला नव्या पत्र्या मारत्यात का? आठ दिस आधी मारायच्या, म्हंजी पाय बसतो."

"आबा, ह्याला खूर कुठं हायत?"

"आन उद्या आमुशा हाय."

भाकरी थापता थापता बायको आतून म्हणाली, "शाळा दुसरीत सुटली, पर मास्तरकी काय सुटंना!"

चार्जर नातीचा, शर्यत नातीची. तरी तिनं ऐकलं. म्हाताऱ्याचा मान ठेवला, असं बायको म्हणते. पटलं म्हणून ऐकलं, असं मी म्हणतो.

आष्टीच्या मैदानात शेवटच्या फेरीपर्यंत ती दुसरी होती. मग मोटार चढावर दमलेल्या बैलागत मंदावली आणि मागची एक पुढं निघून गेली. परत येताना नात गाडीत मोटारीची बॅटरी हातात उलटीसुलटी करत होती. मी म्हणालो, "वळण लई रुंद घेतलंस तू." त्यावरही ती भांडली नाही, तेव्हा मला उमगलं की चूक वळणाची नव्हती.

सोमवारी मीच म्हणालो, "टाक तुझं अपडेट. पर घरच्या लाइटवर न्हाई. मधीच लाइट गेली तर डबा मेला समज." ट्रॅक्टरची बॅटरी आणून जोडून दिली. हे तिला सुचलं नव्हतं, एवढं इथं लिहून ठेवतो.

तिनं अपडेटच्या केबलची पिन चार्जरला लावली. बसेना. उलटी करून लावली, तरी बसेना. मग मोबाइलचा टॉर्च मारून भोकात बघितलं आणि खाली बसून हसायलाच लागली. भोक हळदी-कुंकवानं गच्च भरलेलं. गेल्या दसऱ्याला पान्हे-पकडी पूजले तसा मी चार्जरही पूजला होता, जरा सढळ हातानं.

"आबा, ह्याच्या नाकात कुंकू कोंबलंय तुमी!"

बायकोच्या सुईनं अर्धा तास ते कोरत बसलो. अपडेट एकदाचं गेलं, आणि कुठली बॅटरी किती भरायची ते आत भरून ठेवलेले सगळे आकडे पुसून गेले. नातीनं कपाळाला हात लावला. मला ते तोंडपाठ होते, एकेक सांगत गेलो. तेव्हा कुठं तिचा चेहरा खुलला.

पुण्याला जायची अजून एक संधी पुढच्या महिन्यात आहे. परवा पुन्हा एक अपडेट आलं तर पोरगी मलाच विचारते, "आबा, पत्र्या कवा मारायच्या?" आठ दिवस आधीच, मी सांगितलं. यंदा दसऱ्याला भोकावर आधी चिकटपट्टी लावणार, पूजा मग.

पण एक गोष्ट घरात कुणी कबूल करत नाही. गुरुवारी अपडेट टाकू नको म्हणालो, ते बरोबरच होतं. गुरुवारी तरी पिन कुठं बसणार होती?