भिंतीवरचे दोन सेंटिमीटर

गोंदिया जिल्ह्यातल्या आमच्या गोरेगावात बाजाराच्या पलीकडे धानाचं एक जुनं कोठार होतं. दोन हजार दहाच्या पुढेमागे त्यावर पोलीस भरती अकादमीची पाटी लागली. अकादमी म्हणजे काय, तर चुन्याने रंगवलेली एक भिंत, शेणाने सारवलेली मातीची जमीन, एक शिट्टी आणि एक सर. सर गोंदिया शहरातले, निम्मं हिंदी बोलायचे. दोन्ही हात पाठीमागे बांधून उभे राहिले की आपण मोठे साहेब आहोत असं त्यांना स्वतःलाच वाटायचं. ते स्वतः कधी कुठल्या भरतीत उतरले होते का, हे त्यांना कुणीही विचारलं नाही. आम्ही तीसएक मुली होतो आणि एकीलाही एवढी साधी गोष्ट सुचली नाही, यातच आमची अक्कल दिसून येते.

मी तेव्हा बावीस वर्षांची होते. बाबांनी स्पष्ट सांगितलं होतं, "एक भरती देऊन घे. नाही झालं तं मी पाहुणे बलावतो." बाबा रागावून बोलले नव्हते. बाजारातून काय आणायचं ते सांगावं तसं सांगितलं होतं, म्हणून त्यात घासाघीस करायला जागाच नव्हती. मला वर्दी हवी होती. दर पावसाळ्यात दुसऱ्यांच्या धानाच्या बांध्यांत रोवणीला वाकलेली आई मी लहानपणापासून पाहत आले होते आणि मला त्या चिखलातून कायमचं बाहेर पडायचं होतं. त्यासाठी माझ्याकडे एकच मोसम होता.

धावण्याची मला चिंता नव्हती. चोरखमारा तलावाच्या नहराच्या, म्हणजे कालव्याच्या, पाळीवर मी रोज सकाळी धावायचे. तीन किलोमीटर धावून आल्यावरही आईशी भांडण्याइतका दम अंगात शिल्लक असायचा. अडचण उंचीची होती. मुलींना एकशे पंचावन्न सेंटिमीटर लागत. सरांनी पहिल्याच दिवशी मला भिंतीला टेकवून उभं केलं, डोक्यावर पट्टी ठेवली आणि जाहीर केलं, "एकशे साडेत्रेपन्न. रिजेक्ट."

भिंतीवर लाल रंगाने सेंटिमीटर काढलेले होते. त्या भिंतीला टेकून जी उभी राहायची ती कमीच भरायची. काहीजणी तर घरून मापून आल्या होत्या, त्याही कमी भरल्या. त्या बिचाऱ्यांना वाटलं आपल्या घरचा टेपच खोटा.

मग सरांनी विज्ञान काढलं. त्यांनी मोबाईलवर कुठेतरी वाचलं होतं. "देखो, आदमी सोते टाइम बढ़ता है. गहरी नींद में ग्रोथ हार्मोन निकलता है. तुम लोग सोतेच नहीं ठीक से." गाढ झोप यावी म्हणून मेलाटोनिनची गोळी घ्यायची. झोप वाढली की हार्मोन वाढणार, हार्मोन वाढलं की हाडं वाढणार. ऐकायला अगदी सरळ होतं, आणि मूर्खाला पटण्यासाठी तेवढं पुरतं.

बाजाराजवळच्या मेडिकलवाल्याने डॉक्टरची चिठ्ठी मागितली नाही. वय विचारलं नाही, कशाला हवी तेही विचारलं नाही. सर्दीची गोळी द्यावी तशी गोळ्यांची पानं कात्रीने कापून आमच्या हातावर ठेवली. तो माणूस गावात डॉक्टरपेक्षा शहाणा समजला जायचा, त्याचं कारण एवढंच की त्याच्या दुकानात रांग नसायची.

महिन्याभराने भिंतीने पुन्हा एकशे साडेत्रेपन्नच दाखवलं. सर जराही गडबडले नाहीत. "अंदर से बढ़ रहा है. बाहर बाद में दिखता." आता दुपारीही एक गोळी घ्यायची. आणि वर असं, की पहाटेची झोप हार्मोनची असते, ती मोडायची नाही. धावल्याने मणके दबतात, म्हणून उंची भरेपर्यंत धावणंही बंद.

धावण्याच्या परीक्षेची तयारी करणारी मी धावणं बंद केलं. आज हे लिहितानासुद्धा माझ्याच कानाखाली एक ओढावीशी वाटते.

गोळीने झोप येत होती, हे खरं. पण ती झोप उठल्यावरही अंगावरून उतरत नव्हती. सकाळी डोकं जड, दुपारी जेवण झालं की पुन्हा डोळे मिटायचे, बोलणं अर्ध्यात विसरायचं. स्वप्नं पडायची ती इतकी लांबलचक की उठल्यावर थकायला व्हायचं. आईने दोन आठवडे पाहिलं आणि मग खाटेजवळ येऊन उभी राहिली.

"काऊन झोपून राहिलीस वं दिवसभर?"

"उंची वाढवून राहिली," मी म्हटलं.

आईने गोठ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "झोपून उंची वाढत असती तं आपली म्हैस आतापावतर छपराले लागली असती."

आई शाळेत गेली नव्हती. मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षापर्यंत गेले होते, म्हणून मी तिला ग्रोथ हार्मोन समजावून सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हशीला पाणी पाजायला गेली.

पुढे लग्नानंतर मी नर्सिंग केलं, तेव्हा हे सगळं पुस्तकात भेटलं. सरांचं अर्धं खरंच होतं. गाढ झोपेत ते हार्मोन निघतं. पण हाडांची टोकं एकदा जुळली की मग कितीही झोपा, उंची वाढत नाही, आणि मुलींची ती बहुतेक बाविशीच्या कितीतरी आधीच जुळलेली असतात. मेलाटोनिन शरीराला फक्त अंधार झाला असं सांगतं. आम्हाला ते भर दुपारी सांगत होतं. अर्धं खरं बोलणारा माणूस पूर्ण खोटारड्यापेक्षा वाईट, कारण त्याला खोडून काढायला शिकावं लागतं, आणि आम्ही शिकलेल्या म्हणवणाऱ्या मुली तेवढंही शिकलो नव्हतो.

भरतीचा दिवस आला. गोंदियाच्या मैदानावर आधी उंची. सपाट फरशीवर लोखंडी माप होतं. मी श्वास रोखून उभी राहिले. मापावरच्या बाईंनी पट्टी खाली आणली आणि शेजारच्याला सांगितलं, "एकशे साडेपंचावन्न." माझ्या हातातल्या चिठ्ठीवर आकडा पडला आणि पुढे 'पात्र'.

मला रडूच आलं. गोळीने काम केलं होतं. मनातल्या मनात मी सरांचे पाय धरले, मेडिकलवाल्याला दुवा दिला आणि आईची म्हैस खोटी पाडली.

मग धावणं. पहिल्या फेरीलाच कळलं की पाय माझे नाहीत. नहराच्या पाळीवर ज्या अंतरात मला घामही फुटत नसे, त्या अंतरात छातीत कळ आली. ज्या मुलींना मी गावात हसत मागे टाकत होते त्या एकेक करून पुढे गेल्या. वेळ संपली तेव्हा मी अर्ध्या फेरीने मागे होते. कुणीतरी माझ्या छातीवरचा नंबर काढून घेतला. चिठ्ठी तेवढी माझ्याकडे राहिली.

चार दिवसांनी मी ती चिठ्ठी सरांना दाखवायला गेले. नापास झाले तरी उंचीचं श्रेय ज्याचं त्याला द्यावं, इतकी मी भाबडी होते. सर आले नव्हते. सहज म्हणून मी भिंतीला टेकले, डोक्यावर हात ठेवला आणि वळून पाहिलं. एकशे साडेत्रेपन्न.

मी पुन्हा टेकले. तेवढंच. मग मी पहिल्यांदा खाली बघितलं. भिंतीच्या पायथ्याशी, बरोब्बर जिथे आम्ही टाचा ठेवायचो तिथे, जमीन खोलगट झाली होती. आमच्या आधीच्या बॅचपासून कितीतरी मुलींच्या टाचा तिथे घासल्या होत्या, आणि दर शनिवारी झाडून ती जागा आम्हीच सारवत होतो. खळगा आमच्याच हातांनी गुळगुळीत होत गेला होता. मी बाटलीतलं पाणी ओतलं. ते कुठेही गेलं नाही, भिंतीपाशी डबकं होऊन थांबलं. त्यात बोट उभं धरून पाहिलं तर दोन सेंटिमीटर भरलं.

म्हणजे मी पहिल्या दिवसापासूनच पात्र होते.

तेवढ्यात सर आले. मी त्यांना डबकं दाखवलं. त्यांनी डबक्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, माझ्या हातातली चिठ्ठी घेतली आणि आकडा वाचला. मला वाटलं आता हा माणूस लाजेल. ते म्हणाले, "अच्छा हुआ बताया." त्यांनी मुद्दाम फसवलं असतं तर मी त्यांना निदान हुशार म्हटलं असतं. त्यांना तेवढीही अक्कल नव्हती.

त्याच संध्याकाळी त्यांनी खळग्यात मुरूम भरून घेतला आणि वरून सारवून घेतलं. दुसऱ्या दिवशी भिंतीला टेकलेल्या सगळ्या मुली दोन-दोन सेंटिमीटरने वाढलेल्या निघाल्या. सरांनी सांगितलं, गोळीचा असर. माझी चिठ्ठी त्यांनी परत दिली नाही, प्लास्टिकमध्ये घालून भिंतीवर लावली.

घरी पाहुणे येऊन गेले, लग्न ठरलं. लग्नाच्या आदल्या आठवड्यात मी ती चिठ्ठी फाडायला म्हणून कोठारावर गेले. नव्या बॅचची रांग लागली होती. मी हात वर नेला. चिठ्ठीवर माझा नंबर होता, आकडा होता आणि पुढे 'पात्र' लिहिलेलं होतं. माझ्याबद्दल ते तसं आणखी कुठेही लिहिलेलं नव्हतं. मी हात खाली घेतला.

"ताई, ही तुमचीच ना?" रांगेतल्या पहिल्या मुलीने विचारलं. "खरंच वाढते का वं गोळीनं?"

मी मान हलवली. हो म्हणून हलवली की नाही म्हणून, ते मी तिच्यावर सोडलं. तिने तोंडावर हात ठेवून जांभई दिली आणि भिंतीला जाऊन टेकली.